ओले कपडे आणि गरम दूध

मागच्या वर्षी ऑक्टोबरात मी प्रोजेक्टसाठी एडिंबराला होतो. टीममधल्या एका स्कॉटिश सहकाऱ्याकडे छोटी शिडाची बोट आहे. शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, उद्या येतोस का? मी काय, लगेच तयार! लहानपणी मालवणला होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो होतो, एवढाच काय तो आपला सागरी अनुभव.

सकाळी आईचा फोन. "कानाला बांधलंयस ना?" म्हटलं, बांधलंय. दोन टी-शर्ट, वर जाड हुडी, खाली जीन्स, डोक्यावर कानटोपी. असा जामानिमा करून धक्क्यावर पोचलो तर त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हे सगळं कॉटन आहे?" मी अभिमानाने म्हणालो, प्युअर कॉटन! त्याने काही न बोलता एक लोकरीचा बनियन आणि रबरी कोट पुढे केला. मी म्हणालो, असू दे रे, एवढी थंडी नाहीये.

खरंच नव्हती. फोनवर ११ अंश दिसत होतं. पुण्यात डिसेंबरात याहून कमी असतं आणि आम्ही पहाटे सिंहगड चढतो ते काय उगाच? फक्त लाइफजॅकेट तेवढं घातलं, तेही त्याने त्याशिवाय बोटीत पाय ठेवू दिला नाही म्हणून.

पाऊण तासात सगळा माज उतरला. वारा वाढला, लाटांचे तुषार अंगावर यायला लागले, जीन्स मांड्यांना चिकटली. त्याने मला एक दोरी सोडायला सांगितली. मी दोरीकडे बघतोय, काय करायचं ते डोक्याला समजतंय, पण बोटं ऐकतच नाहीत. स्वतःच्या हुडीची चेन लावायला गेलो, तीही लागेना. त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली. थंडीची नाही, आपलेच हात आपले राहिले नाहीत याची. त्याने बोट वळवली, मला खाली बसवून ओले कपडे उतरवायला लावले, तो लोकरीचा बनियन घालायला लावला आणि साखर घातलेला कडकडीत चहा हातात दिला. धक्क्यावर आल्यावर एवढंच म्हणाला, "तू पाण्यात पडला असतास तर?"

या एका प्रश्नाने पुढचे तीन वीकेंड खाल्ले. आपल्याकडे समुद्र म्हणजे बुडायची भीती. गार समुद्रात माणूस नेमका कशाने मरतो, हे मला माहीतच नव्हतं. वाचायला लागलो तेव्हा कळलं की ज्यांचं आयुष्य समुद्रावर गेलं त्यांनाही हे फार उशिरा कळलं. आणि कळेपर्यंत हजारो माणसं गेली.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीइतकंच. आपल्याला ऊब कपडा देत नाही, कपड्यात अडकलेली हवा देते. कापूस भिजला की ती हवा जाते आणि तिच्या जागी पाणी बसतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वर वारा असेल तर कातडीलगतचा उबदार थरही तो उडवून नेतो. लोकरीचं तसं नसतं. ती ओली झाली तरी तिचा कुरळेपणा काही प्रमाणात हवा धरून ठेवतो. आपला धनगर भर पावसात खांद्यावर घोंगडी घेऊन मेंढरांमागे उभा राहतो आणि भात लावणाऱ्या बाया पाठीवर इरलं घेतात, ते काही फॅशन म्हणून नाही. आत लोकर, बाहेर पाणी अडवणारं काहीतरी. जगातल्या महागड्या सेलिंग जॅकेटांचं सूत्रही हेच आहे. नॉर्वेत १८७७ साली हेली युएल हान्सन नावाच्या कॅप्टनने आणि त्याच्या बायकोने जाड कापडाला जवसाचं तेल पाजून खलाशांसाठी कपडे विकायला सुरुवात केली, तेव्हा ते एका अर्थाने इरलंच विकत होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. थंडीतल्या समुद्रावर माणसं कशी जगली याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९१६ सालचा 'जेम्स केर्ड'चा प्रवास.

अर्नेस्ट शॅकल्टन अंटार्क्टिका पार करायला निघाला होता. त्याचं जहाज 'एन्ड्युरन्स' जानेवारी १९१५ मध्ये बर्फात अडकलं, आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला बर्फाच्या दाबाने चिरडून बुडालं. २८ माणसं तरंगत्या बर्फावर राहिली. एप्रिल १९१६ मध्ये बर्फ फुटल्यावर तीन होड्यांतून कशीबशी एलिफंट आयलंडला पोचली. जमीन मिळाली खरी, पण तिथे शोधायला कोण येणार? त्या काळात त्यांच्याकडे कोणाला संदेश पाठवायची काही सोय नव्हती. साउथ जॉर्जिया बेटावर देवमासे पकडणाऱ्यांची वस्ती होती, पण ती सुमारे ८०० सागरी मैल लांब. मधे जगातला सगळ्यात खवळलेला समुद्र आणि तोंडावर अंटार्क्टिकचा हिवाळा.

२४ एप्रिलला सहा जण निघाले: शॅकल्टन, फ्रँक वर्स्ली, टॉम क्रीन, हॅरी मॅक्निश, टिमोथी मॅकार्थी आणि जॉन व्हिन्सेंट. होडी किती मोठी? साडेबावीस फूट. आपल्या दोन मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तरी त्याहून जास्त जागा लागेल. भारतात परत यायच्या आधी मी लंडनच्या डलिच कॉलेजात ही होडी मुद्दाम जाऊन बघितली. ती तिथे जपून ठेवली आहे. समोर उभं राहिल्यावर पहिला विचार आला तो असा: यात बसून मी पवना धरणसुद्धा ओलांडणार नाही.

मग ते जगले कसे? इंग्रजीत यावर खूप लिहिलं गेलंय, आणि त्यातलं बरंचसं नेतृत्व, धैर्य, जिद्द वगैरे. कंपनीच्या ट्रेनिंगमध्येही शॅकल्टनची स्लाइड हमखास असते. मला मात्र त्या गोष्टीत साधी, कंटाळवाणी कामं जास्त दिसली.

पहिलं काम मॅक्निशचं. तो सुतार. होडी वरून उघडी होती. त्याने तिच्या बाजू आधीच उंच केल्या होत्या. आता घसरगाडीच्या पट्ट्या आणि खोक्यांची झाकणं ठोकून त्यावर कॅनव्हास ताणून छप्पर केलं. कॅनव्हास गोठून पत्र्यासारखा झाला होता, तो चरबीच्या चुलीवर हातभर हातभर वितळवून शिवावा लागला. फळ्यांच्या फटी दिव्याच्या वातीने आणि चित्रकाराच्या तैलरंगाने भरल्या, वरून सीलचं रक्त फासलं. हे छप्पर नसतं तर होडी पहिल्या दिवशीच भरली असती.

दुसरं काम सामानाची यादी. ही यादी मला फार आवडते. दोन प्रायमस स्टो, त्यांचे सुटे भाग आणि पिना. होय, आपल्या आजीच्या पितळी स्टोला लागायची तीच पिन! माझी आजी स्टो फुरफुरायला लागला की "पिन मार रे जरा" म्हणायची. भोकात काजळी बसली की स्टो बंद, आणि त्या होडीत स्टो बंद म्हणजे माणसं बंद. म्हणून स्टो एक नाही, दोन, आणि वर पिना. काड्यापेट्या ३०. प्रॉडक्शन सर्व्हरला बॅकअप ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तिसरं काम म्हणजे वेळापत्रक. तिघांनी पहारा करायचा, तिघांनी झोपायचं, चार-चार तास. दिवसा दर चार तासांनी गरम खाणं, रात्री गरम दूध. हलत्या होडीत दोघं समोरासमोर बसून पायांनी स्टो दाबून धरायचे आणि क्रीन मधे भांडं सांभाळायचा. शरीर म्हणजे शेवटी भट्टीच. कोळसा घातला नाही तर ती किती का चांगली बांधलेली असेना, विझणारच.

आणि या दुधाबद्दल वर्स्लीने एक आठवण लिहून ठेवली आहे. एखादा जण जरा जास्तच कुडकुडताना दिसला की शॅकल्टन लगेच सगळ्यांसाठी गरम दूध करायला सांगायचा. त्याच्या एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. का? तर आपली हालत सगळ्यात वाईट आहे हे त्या माणसाला कळू नये म्हणून. हे वाचलं आणि मी जरा वेळ पुस्तक मिटून बसलो.

कपड्यांच्या बाबतीत मात्र त्यांची परिस्थिती वाईटच होती. लोकरीचे आतले कपडे, स्वेटर आणि वरून गॅबर्डिन. बर्फावर चालायला गॅबर्डिन उत्तम, कारण ते वारा अडवतं. पण लाटेचं पाणी ते थोपवत नाही. म्हणजे वाऱ्याची तयारी होती, पाण्याची नव्हती. सोळा दिवस ते ओलेच होते. पाय पांढरे पडून सुजले, खाऱ्या पाण्याने अंगावर फोड आले. झोपायच्या पिशव्या रेनडिअरच्या कातड्याच्या होत्या. त्या भिजल्या, कुजल्या, केस गळून खाण्यात यायला लागले. शेवटी सहापैकी दोन पिशव्या समुद्रात फेकून दिल्या, कारण गोठून त्यांचं वजनच भारी झालं होतं.

वजन हा थंडीतल्या समुद्राचा दुसरा शत्रू. मधले काही दिवस इतकी थंडी पडली की उडालेलं पाणी होडीवरच गोठायला लागलं. होडी जड होऊन बसायला लागली. मग एकेकाने निसरड्या कॅनव्हासवर पालथं पडून बर्फ फोडायचा. काही मिनिटं झाली की हात बधिर, की मागे यायचं आणि दुसऱ्याने जायचं. हात सुटला तर माणूस गेलाच. बर्फामुळे समुद्री नांगराची दोरीही तुटून गेली. सूर्य इतका क्वचित दिसला की वर्स्लीला जागा मोजायची संधी फक्त चार वेळा मिळाली. तरी १० मे १९१६ ला ते साउथ जॉर्जियाला लागले, सहाही जण जिवंत. पण बेटाच्या चुकीच्या बाजूला! मग शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन यांनी ३६ तासांत डोंगर ओलांडून वस्ती गाठली. एलिफंट आयलंडवर फ्रँक वाइल्डच्या हाताखाली राहिलेले २२ जण ३० ऑगस्टला चिलीच्या 'येल्चो' जहाजाने सोडवले. त्यांच्यातल्या ब्लॅकबोरोच्या डाव्या पायाची बोटं गारठून मेली होती. ती तिथेच, उलट्या टाकलेल्या होड्यांच्या झोपडीत कापावी लागली होती.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ज्या मॅक्निशच्या सुतारकामावर सगळे जगले, त्याला शॅकल्टनच्या शिफारशीअभावी पोलर मेडल मिळालं नाही. बर्फावर असताना त्याने एकदा हुकूम मानायला नकार दिला होता. व्हिन्सेंटलाही नाही मिळालं. सगळ्यांना दूध पाजणारा माणूस हा हिशेब मात्र विसरला नाही. माणूस असाच असतो, काय करणार. मॅक्निश १९३० मध्ये न्यूझीलंडमध्ये वारला, तिथेच वेलिंग्टनला त्याची कबर आहे.

आता त्या सहकाऱ्याचा प्रश्न. पडला असतास तर?

१९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, सुमारे १५०० माणसं गेली. लाइफबोटी कमी होत्या हे सगळ्यांना पाठ आहे. पण लाइफबेल्ट होते! शेकडो माणसं ते घालून पाण्यावर तरंगत होती. समुद्र शांत होता. पाणी शून्याच्याही खाली, साधारण उणे २ अंश. 'कार्पेथिया' जहाज दीड-दोन तासांत आलं तेव्हा पाण्यातले जवळजवळ सगळे मेलेले होते, डोकं पाण्याच्या वर असताना. तरी या मृत्यूंचं कारण 'बुडून' असंच धरलं गेलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर रूट कॉज चुकीचा लिहून तिकीट बंद केलं. मग बग परत येणारच. आला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाची जहाजं बुडाली तेव्हा हेच झालं. १९४६ च्या टॅलबट समितीच्या अहवालात दिसलं की समुद्रात गेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक जहाजावरच्या स्फोटात किंवा आगीत मेले नव्हते. ते जहाज सोडल्यानंतर, सुटकेची वाट बघताना मेले होते. त्यांचे तराफे असे होते की माणूस निम्मा पाण्यातच बसायचा. छप्पर असलेले, फुगवायचे तराफे त्यानंतर आले. म्हणजे मॅक्निशने गोठलेल्या कॅनव्हासचं जे केलं होतं तेच, तीसेक वर्षं उशिरा.

पुढे ब्रिटिश नौदलातले डॉक्टर फ्रँक गोल्डन आणि शास्त्रज्ञ माइक टिप्टन यांनी हे नीट उलगडलं. गार पाण्यात पडल्यावर माणूस सहसा लगेच गारठून मरत नाही. पहिल्या एक ते तीन मिनिटांत कातडी एकदम गार पडल्यामुळे श्वास आपोआप आत ओढला जातो आणि धाप लागते. तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. यातून वाचला तर पुढच्या दहा ते तीस मिनिटांत हातपाय निकामी होतात, चांगला पोहणाराही पोहू शकत नाही. शरीर आतून गारठायला त्याहून जास्त वेळ लागतो, बहुधा अर्धा तास ते तासाच्या पुढे. आणि चौथा टप्पा सगळ्यात विचित्र: शुद्धीत असलेला माणूस वर काढताना किंवा काढल्यावर कोसळतो. म्हणून शक्य असेल तेव्हा त्याला उभा न ओढता आडवा उचलतात.

माझी बोटं चेन लावू शकत नव्हती ती मी बोटीत, कोरड्या बाकावर बसलेला असताना. पाण्यात मला दहा मिनिटंही मिळाली नसती. लाइफजॅकेट तरंगण्यासाठी असतं असं मला वाटायचं. खरं म्हणजे ते पहिल्या तीन मिनिटांसाठी असतं, श्वास ताब्यात येईपर्यंत तोंड वर ठेवायला.

आणखी एक धडा १९७९ च्या फास्टनेट शर्यतीचा. ऑगस्ट महिना, म्हणजे तिकडचा उन्हाळा! ३०३ बोटी निघाल्या आणि १३-१४ ऑगस्टला वादळात सापडल्या. १५ स्पर्धक गेले. २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या, पण बुडाल्या फक्त ५. उरलेल्या १९ नंतरही तरंगत होत्या, आणि काही माणसं मात्र त्या सोडून तराफ्यात गेल्यावर मेली. तेव्हापासून शिकवतात की बोट पायाखालून जात नाही तोवर बोट सोडायची नाही. तराफ्यात उतरायचं नसतं, चढायचं असतं.

आपला याच्याशी काय संबंध? आहे की. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले आणि केप हॉर्नला वळसा घालून २२ मे २०१० ला परत आले. शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. गोव्याच्या उकाड्यात बांधलेली बोट त्याच दक्षिण समुद्रातून सुखरूप आली! त्याच यार्डातल्या 'तारिणी'वरून दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून २९ मे २०२५ ला परतल्या. जिथे घरातल्या कपाटात स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास येतो, तिथली माणसं हे शिकून घेतात, म्हणजे ते शिकता येतं.

तर ऑनसाईट असताना तुम्हाला कोणी बोटीवर बोलावलं, तर जरूर जा. पण कॉटन घरी ठेवा. आत लोकर किंवा फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारा थर. थंडी वाजायच्या आधी खा, गरम प्या. दारू नको, तिने ऊब वाटते पण कातडीकडे रक्त जाऊन उष्णता निघून जाते. लाइफजॅकेट आणि हार्नेस वारा वाढल्यावर नाही, धक्क्यावरच. पडलातच तर पहिलं मिनिट पोहू नका, पाठीवर तरंगत श्वास सावरा. आणि हवेचं तापमान बघून शहाणपण करू नका, पाण्याचं बघा.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं, पाण्यात पडण्याचा भाग वगळून. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे स्वेटर घातला नव्हतास."

परवा त्या सहकाऱ्याची मेल आली, मे महिन्यात पुन्हा येतोस का म्हणून. लोकरीचा बनियन मागवलाय.